घडी

चिंचोळीच्या आमच्या कारखान्यात
ॲल्युमिनियमचे ओंडके चारशे ऐंशीपर्यंत तापवतात.
लोखंडासारखे लाल होत नाहीत, तीच भीती.
दिसायला गार, आणि हात लावला तर कातडी ठेवून घेतात.
मैनुद्दीनभाई नव्या पोरांना पहिल्या दिवशी
ओंडक्यावर पाण्याचा एक थेंब टाकून दाखवतात.
थेंब नाचतो. पोरं गप्प.

मग अठराशे टनांचा दाब,
आणि कुरडईच्या सोऱ्यातून चीक यावा
तसा साच्यातून धातू येतो,
चौकोनी, पोकळ, पोटात दोन आडव्या भिंती घेऊन,
लांबच लांब, पंख्यांखालून, करवतीपर्यंत.

गाडीच्या बंपरच्या आत बसतो तो.
वर प्लास्टिक, रंग, नंबरपाटी.
ह्याला कुणी बघत नाही.
बघायची वेळ आली
तर त्या दिवसाचं काहीतरी बिनसलेलं असतं.

माझं काम त्याला मोडायचं.
प्रत्येक घाण्यातला वीतभर तुकडा
उभा धरते प्रेसखाली, आणि दाबते.
चांगला तुकडा आधी अडतो जरासा, मानासाठी,
मग एक घडी घालतो,
तिच्यावर दुसरी,
दुसरीवर तिसरी,
जेवढा मार, तेवढा आपल्यातच मुरवत खाली बसतो.
वाईट तुकडा आमच्या कडक भाकरीसारखा.
कडाड्, आणि टेबलभर चुरा.
भाकरीचं त्यात कौतुक. इथे नापास.

बिराजदार साहेब वीजबिल घेऊन आले होते मध्ये.
"येमूलबाई, भट्टीतून दोन तास आधी काढू.
ताकद तर उलट जास्तच भरतेय."
म्हटलं, भरतेय साहेब,
पण वाकायचं शिकलेला नाही अजून.
ते हसले नाहीत.
दोन तासही कमी केले नाहीत.

अम्मा एकतीस वर्षं चादरीच्या कारखान्यात, घडी खात्यात.
काठावर काठ, नक्षीतलं फूल वरच्या अंगाला,
दिवसाला साडेतीनशे.
छातीत सूत बसलंय तिच्या, खोकते,
पण बोटं अजून नोकरीवरच आहेत:
पेपर, दुधाची पिशवी, डॉक्टरची चिठ्ठी,
हातात येईल त्याची घडी.
मी इंजिनियरिंगला गेले तेव्हा म्हणाली होती,
चला, एक तरी ह्या कामातून सुटली.

मार्चमध्ये गिऱ्हाइकाकडून एक खोकं आलं.
आत आमचाच बंपर, अपघातातला,
घाण्याचा नंबर शाबूत.
सोबत कागद: मोहोळच्या अलीकडे, पहाट,
समोर उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही.
रजिस्टर काढलं.
त्या रात्रीची सही माझी.

पंधरा मिनिटं मी त्याला हात लावला नाही.
मग मोजल्या.
डावीकडे सात, उजवीकडे सहा,
चीर कुठेच नाही.
चौथ्या घडीत उसाचं पाचट अडकलेलं,
चिमट्यानं काढायला गेले, निघेना. राहू दिलं.
गाडीत माणसं: चार.
जखमी: एक. पुढे पेनानं, तिरक्या अक्षरात, नडगी.
बाकी रकाने कोरे.
इतके सुंदर कोरे रकाने मी पाहिले नव्हते.

संध्याकाळी स्कूटीवरून निघाले.
पुणे रोडला ट्रक अंगावरून जातात,
आणि माझ्या पुढे बंपर म्हणून काय,
माझेच दोन गुडघे.
त्या दिवशी चाळीसच्या वर गेले नाही.

घरी मोबाईलवर अम्माला फोटो दाखवला.
सांगितलं सगळं, ट्रॉली, चार माणसं, नडगी.
चष्मा पुसून तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला,
इकडून बघितला, तिकडून बघितला.
"तिसरी वाकडी आहे," म्हणाली.
"काठ जुळवला नाहीस."